तेंगानान : इंद्राच्या लेकरांचे गाव

माझे माहेर जालन्याचे. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आमची आजी दिवसातून एकदा तरी म्हणायची आणि तिच्या पाठोपाठ एक ठरलेली गोष्ट सांगायची. फार वर्षांपूर्वी जालन्यात पटोळे विणणारे साळवी राहत. गुजरातेत पाटणला कुमारपाल नावाचा राजा होता. तो रोज नवे पटोळे नेसून पूजेला बसे आणि ती वस्त्रे जालन्याहून मागवी. एके दिवशी त्याला कळले, की जालन्याचा राजा ही वस्त्रे आधी आपल्या बिछान्यावर अंथरतो आणि मगच पाटणला धाडतो! झाले, कुमारपालाने स्वारी केली आणि विणकरांची सातशे कुटुंबे उचलून पाटणला नेऊन वसवली. “तेव्हापासून आपला पाळणा रिकामा,” असे म्हणून आजी गोष्ट संपवी.

बाराव्या शतकातली ही आख्यायिका. आख्यायिका म्हणूनच ती ऐकायची. आजचे जालना बियाण्यांचे, लोखंडी सळयांचे आणि मोसंबीचे. पटोळा तिथे लग्नाच्या बस्त्यातसुद्धा क्वचितच दिसतो. परंतु ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली होती. पुढे मराठीची अध्यापिका झाल्यावर एकदा वस्त्रांवरचे एक पुस्तक चाळत असताना एक वाक्य वाचले आणि मी चपापलेच. पटोळ्याची ती अवघड विद्या जगात फक्त तीन देशांत टिकून आहे: भारतात, जपानात आणि इंडोनेशियात. आणि इंडोनेशियात तर ती एकाच गावात आहे. काही शे वस्तीच्या त्या गावाचे नाव तेंगानान.

“आपण बालीला जाऊ या,” असे मी घरी जाहीर केले तेव्हा आमच्या ह्यांना समुद्रकिनारा दिसू लागला आणि मुलीला आइस्क्रीम. मला काय दिसत होते ते मी आधी सांगितले नाही. प्रवासाला निघताना काही गोष्टी पोटात ठेवाव्या लागतात.

वेशीपाशी

बाली बेटाच्या पूर्वेला कारांगासेम नावाचा जिल्हा आहे. देनपसारच्या बाजूने मोटारीने निघाले, की सुमारे दोन तासांत चांदीदासाचा किनारा लागतो आणि तिथून एक अरुंद रस्ता डोंगरांकडे वळतो. तीन-चार किलोमीटर गेल्यावर रस्ताच संपतो. समोर एक भिंत आणि भिंतीत एक दार! दार म्हणजे तरी काय, एका वेळी एकच माणूस नीट आत शिरेल एवढी फट. ह्यांना जरा अंग चोरूनच जावे लागले.

आत पाऊल टाकले आणि आमची बडबड आपोआप थांबली. दगडगोट्यांनी बांधलेला एक रुंद रस्ता पायरी-पायरीने उत्तरेकडे चढत गेलेला. दोन्ही अंगांना बसकी घरे, सगळी एका ओळीत, एकसारखी. मधोमध लांबलचक उघडे मंडप, धान्याची कोठारे, देवांच्या जागा. रस्त्यातून दोन-तीन म्हशी संथपणे फिरत होत्या आणि त्यांना कोणी हाकत नव्हते. गावात असे तीन समांतर रस्ते आहेत. पूर्वेकडच्या तिसऱ्या रस्त्याची हकिकत निराळी आहे, ती पुढे येईल.

बालीचे बहुसंख्य लोक हिंदू, हे आपण जाणतो. परंतु १३४३ साली जावा बेटावरच्या मजापहित राज्याने बाली जिंकली आणि तिथल्या दरबाराचे रीतिरिवाज, जातींची उतरंड बेटावर रुजली. त्याच्या आधीपासूनचे जे लोक डोंगरांच्या आडोशाने आपल्या चालीने राहिले, त्यांना ‘बाली आगा’ म्हणतात. तेंगानान त्यांचे गाव. इथे जाती नाहीत. इथे मृताला अग्नी देत नाहीत, मातीत पुरतात. पंचांगसुद्धा बाकीच्या बेटाहून वेगळे आहे. आणि गावाचे मुख्य दैवत आहे इंद्र. आपल्याकडे इंद्र पुराणांतच उरला, त्याचे देऊळ शोधायला निघाले तर पाय दुखतील. इथे मात्र अख्खे गाव स्वतःला इंद्राची लेकरे म्हणवते.

घोड्याच्या वासाची जमीन

आमच्याबरोबर गावातलाच एक तरुण वाटाड्या होता. गावाच्या जन्माची कथा त्याने सांगितली ती अशी.

बेदाहुलू नावाच्या राजाचा एक लाडका घोडा होता, ओंचेस्रवा. हे नाव ऐकताच मी थांबले. अहो, हा तर आपला उच्चैःश्रवा! समुद्रमंथनातून निघालेला इंद्राचा घोडा समुद्र ओलांडून इथवर आला होता. तर हा घोडा हरवला. राजाने चहूकडे माणसे पाठवली. पूर्वेकडे गेलेल्या पेनेगेसच्या लोकांना तो सापडला, पण मेलेला. राजा हळहळला, तरी त्याने बक्षीस देऊ केले. घोड्याच्या प्रेताचा वास जिथवर येईल तिथवरची जमीन तुमची. हद्द ठरवायला राजाचा अधिकारी आला. शोधणाऱ्यांच्या म्होरक्याला घेऊन तो चालू लागला. डोंगर झाला, ओढा झाला, दुसरा डोंगर झाला, तरी वास काही सुटेना. शेवटी अधिकारी दमला आणि म्हणाला, “बास, एवढी जमीन घ्या.” तो गेल्यावर म्होरक्याने कपड्यांत दडवलेला घोड्याच्या मांसाचा तुकडा बाहेर काढला!

“म्हणजे भूमापन खात्यात असले प्रकार तेव्हापासून आहेत तर,” हे म्हणाले. वाटाड्याला भाषांतर करून सांगितल्यावर तोही खळखळून हसला.

हसण्यावारी नेली तरी ही कथा गावाला फार मोलाची आहे. त्या घोड्याचे अवयव जिथे पडले असे मानतात, तिथले मोठाले दगड आजही पूजले जातात. आणि वासाने मिळालेली ती जमीन, नऊशेहून अधिक हेक्टर, गावाने हातची जाऊ दिलेली नाही. ती गावाबाहेरच्या माणसाला विकता येत नाही की गहाण टाकता येत नाही.

न तोडायचे फळ

हा नियम कुठे लिहिला आहे? गावाच्या स्वतःच्या कायद्यात. त्याला ‘अविग-अविग’ म्हणतात. १८४१ साली गावाला आग लागली आणि त्यात जुनी पोथी जळाली. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी राजांची परवानगी घेऊन ती पुन्हा लिहून काढली. व्ही. ई. कोर्न नावाच्या डच अधिकाऱ्याने १९३३ साली या गावावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नावातच त्याने तेंगानानला ‘ग्रामप्रजासत्ताक’ म्हटले आहे, ते काही उगीच नव्हे.

या कायद्यातले एक कलम मला फार आवडले. गावाच्या रानात दुरियान, जंगली अक्रोड अशी काही ठरावीक झाडे आहेत. झाड तुमच्या जमिनीत असले तरी ते मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही आणि त्याचे फळ काढताही येत नाही. फळ पिकून आपोआप खाली पडेपर्यंत थांबायचे. पडल्यावर मात्र ते ज्या गावकऱ्याला सापडेल त्याचे! परिणाम असा, की गावाभोवतालचे डोंगर अजून हिरवेगार आहेत. आपल्याकडे शेजारच्या आंब्याच्या फांदीवरून कोर्टात गेलेली माणसे मला ठाऊक आहेत. त्यांना एकदा इथे आणले पाहिजे.

गावाचा कारभार विवाहित जोडप्यांची सभा पाहते. एकटा पुरुष सभासद होत नाही, नवरा-बायको मिळून होतात. ‘बाले आगुंग’ नावाच्या लांब मंडपात वडीलकीच्या क्रमाने बसायचे. वडीलकी वयावरून ठरत नाही, लग्न आधी कोणाचे झाले यावरून ठरते. नवे जोडपे शेवटच्या जागेवर बसते आणि हळूहळू वर सरकते. मुलाचे लग्न झाले, की आई-बाप सभेतून उठतात. खुर्ची सोडा म्हणून कोणाला सांगावे लागत नाही. मुलगा आणि मुलगी, दोघांनाही वारसा सारखा मिळतो. हे ऐकून आमची कन्या माझ्याकडे सूचकपणे पाहू लागली.

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गावाची भातशेती डोंगरापलीकडे आहे, पण ती गावकरी स्वतः कसत नाहीत. शेजारच्या गावांतले लोक ती वाट्याने कसतात. तेंगानानला सणवार, विधी आणि विणकाम यांना जी सवड मिळते ती त्यांच्या घामावर. आणि दुसरा मुद्दा लग्नाचा. लग्न गावातल्या गावातच व्हायला हवे. बाहेरच्याशी लग्न करणाऱ्याचे सभेतले स्थान जाते. पूर्वेकडच्या त्या तिसऱ्या रस्त्यावर अशी नियमाबाहेर गेलेली माणसे राहत आली आहेत. गावात राहायचे, पण गावाचे पुरते व्हायचे नाही. आधीच मूठभर वस्ती, त्यातून हा नियम. गाव टिकवण्यासाठी केलेला हा कायदाच गावाला दर पिढीत थोडे थोडे लहान करत असतो.

‘ग्रिंग’ आणि ‘सिंग’

ज्यासाठी एवढी पायपीट केली ते आता सांगते. मधल्या एका घराच्या ओसरीवर साठीच्या आसपासची एक बाई मागावर बसली होती. माग म्हणजे आपल्या पैठणीचा भक्कम माग नव्हे. एक टोक ओसरीच्या खांबाला, दुसरे पट्ट्याने तिच्या कमरेला. ती मागे रेलली, की धागे ताणले जात आणि पुढे झुकली, की सैल पडत. तिचे शरीरच मागाचा अर्धा भाग झाले होते. मागावर मातकट लाल, पिवळसर पांढरा आणि काळपट असे तीनच रंग. हेच ते ग्रिंगसिंग. ‘ग्रिंग’ म्हणजे आजार, ‘सिंग’ म्हणजे नाही. अंगावर असले तर रोगराई आणि बाधा दूर राहते, अशी श्रद्धा आहे.

हे काम अवघड का, ते थोडक्यात सांगते. साधारण कापडात विणून झाल्यावर रंग किंवा नक्षी चढवता येते. इथे कापड विणण्याआधीच सुतावर नक्षी असते. सुताचा जेवढा भाग रंगू द्यायचा नाही तेवढा घट्ट बांधायचा, मग सूत रंगात बुडवायचे, सोडायचे, पुन्हा दुसरीकडे बांधायचे. ‘इकत’ हा शब्दच मुळी मलाय भाषेतला, त्याचा अर्थ बांधणे. बहुतेक ठिकाणी फक्त ताणा किंवा फक्त बाणा असा रंगवतात. पटोळ्यात आणि ग्रिंगसिंगमध्ये दोन्ही रंगवतात. मग विणताना उभ्या धाग्यावरचा लाल ठिपका आडव्या धाग्यावरच्या लाल ठिपक्यावर नेमका बसला पाहिजे. ती बाई दर चार-दोन धाग्यांनी थांबे, टोकदार काडीने धागे केसाएवढे सरकवी आणि मगच पुढे जाई. तासाभरात बोटभरही कापड वाढले नसेल.

आणि विणणे हा तर शेवटचा टप्पा! आधी सूत जंगली अक्रोडाच्या तेलात आणि राखेच्या पाण्यात कित्येक दिवस मुरवायचे. मग निळा रंग. मग लाल रंग, तो एका झाडाच्या मुळांच्या सालीतून काढतात. आपल्याकडे आल किंवा बारतोंडी म्हणतात तेच हे झाड, आणि आपल्याकडेही एके काळी त्याच्या मुळांनी कापड रंगवत. लाल रंग पुन:पुन्हा देतात, मध्ये महिनेच्या महिने जाऊ देतात. एक वस्त्र पुरे व्हायला दोन-तीन वर्षे सहज लागतात, कधी त्याहून कितीतरी जास्त.

एवढ्यात वाटाड्या एक गोष्ट सहज बोलून गेला. निळीचे काम तेंगानानमध्ये करायला बंदी आहे. त्यासाठी सूत शेजारच्या बुगबुग गावाला पाठवतात. कापूस समुद्रापलीकडच्या नुसा पेनीदा बेटावरून येतो आणि लाल रंगाची मुळेही तिथूनच. मी नुसती ऐकत राहिले. ज्या गावाने स्वतःभोवती भिंत घातली, बाहेरची सून करून घेतली नाही, त्याचे सर्वांत पवित्र वस्त्र बाहेरच्या कापसाचे, बाहेरच्या निळीचे! आणि नक्षी? काही नमुने पाहून मला पाटणच्या पटोळ्याची आठवण झाली. पूर्वी सुरतेहून गलबते भरभरून पटोळे या बेटांकडे जात. डच कंपनीने तर त्यांचा मोठा व्यापार केला. इथले राजे ते मानाचे वस्त्र म्हणून जपत. ग्रिंगसिंगच्या काही नमुन्यांवर पटोळ्याची छाया आहे, असे जाणकार सांगतातच.

मी हिय्या करून त्या बाईंना विचारले, “इबू, हे विकायचे आहे का?” इबू म्हणजे आई, वडीलधाऱ्या बाईला तिकडे असेच म्हणतात.

“हे नाही,” त्या म्हणाल्या. “विकायची ती तिकडे घडी करून ठेवली आहेत.”

“मग हे कोणासाठी?”

वाटाड्याने भाषांतर करताना थोडा वेळ घेतला. या वस्त्राचे सूत त्यांनी मुलगी लहान असताना बांधायला घेतले होते. तिने ते उत्सवात नेसावे म्हणून. मुलगी देनपसारला हॉटेलात नोकरीला लागली, तिथे बाहेरगावच्या मुलाशी तिने लग्न केले. सूत बरीच वर्षे तसेच फडताळात पडून राहिले. आता त्यांनी ते मागावर चढवले आहे.

“उद्या ती उत्सवाला येणार आहे,” त्या म्हणाल्या. “पाहुण्यांत उभी राहील.” आणि पुन्हा काडीने धागे सरकवू लागल्या.

मी काय बोलणार? माझ्या धाकट्या आत्याने जातीबाहेर लग्न केले तेव्हा आमच्या घरानेही दार लावून घेतले होते. आत्या फार लांब गेली नव्हती. कुंडलिका नदीच्या पलीकडे, नव्या जालन्यातच राहत होती. आम्हाला ना भिंत लागली ना पोथी. आजोबांचा एक शब्द पुरला. आणि तीच आमची आजी, पाळण्याची गोष्ट सांगणारी, दर दिवाळीला कासारणीच्या हाती गुपचूप एक लुगडे नदीपलीकडे पाठवत असे.

काटे आणि पाळणे

दुसरा दिवस उत्सवाचा. उसाबा सांबाह हा इथला वर्षातला सर्वांत मोठा सण, साधारण मे-जूनच्या सुमारास येतो. सकाळी चौकात लोखंडी पट्ट्यांचे ‘सेलोंदिंग’ वाद्य घुमू लागले आणि तरुण पोरे उघड्या अंगाने, डोक्याला फडकी बांधून जमली. तरुणांना इथे ‘तेरुना’ म्हणतात. आता हा शब्द कुठला, ते मराठी वाचकाला सांगायला नको!

प्रत्येकाच्या एका हातात वेताची ढाल आणि दुसऱ्या हातात काटेरी केवड्याच्या जातीच्या पानांची जुडी. दोघे जण मैदानात उतरतात, एकमेकांना मिठी घालतात आणि पाठीवर ती जुडी घासतात. रक्त येते. मिनिटभरात पंच त्यांना सोडवतो. हार नाही, जीत नाही. मायादेनावा नावाच्या उन्मत्त राजाला इंद्राने मारले, त्याची ही आठवण. ते रक्त म्हणजे इंद्राला वाहिलेले देणे. लढत संपली, की मित्र एकमेकांच्या पाठीतले काटे काढतात आणि जखमांवर हळदीचा लेप लावतात. मुलीने डोळे झाकून घेतले होते, पण हळद दिसताच तिने एक बोट बाजूला केले. मग सगळे एकत्र जेवायला बसले.

आणि पाळणे! आपल्या जत्रेतल्या पाळण्यासारखा लाकडी पाळणा, चाकासारखा गोल फिरणारा. त्यावर गावातल्या लग्न न झालेल्या मुली बसतात, डोक्यात सोनेरी फुले, अंगावर ग्रिंगसिंग. मुलगे तो फिरवतात. मुली वर जातात, खाली येतात, चेहरे मात्र देवीसारखे शांत. आजीच्या सोने का पालन्याला मी कधी रूप देऊ शकले नव्हते. ते मला इथे, साता समुद्रांपलीकडे, असे गरगर फिरताना दिसले.

गर्दीत इबू दिसल्या. त्यांच्या शेजारी पस्तिशीची एक बाई उभी होती, कडेवर लहान मुलगी. ती पोर पाळण्याकडे हात करून सारखी काहीतरी मागत होती. इबूंनी तिला आपल्याकडे घेतले, खांद्यावर उंच धरले आणि पाळण्याच्या तालावर वर-खाली, वर-खाली करू लागल्या.

निघताना मी त्यांच्याकडून एक लहानशी ग्रिंगसिंगची पट्टी घेतली, घडी करून ठेवलेल्यांपैकी. किंमत ऐकून आमच्या ह्यांचा चेहरा पडला. एका वितीत किती महिने असतात, हे काल त्यांनीही पाहिले होते, म्हणून बोलले काही नाहीत.

मला राहून राहून वाटते, जालन्याचे विणकर राजाला उचलून नेता आले, कारण त्यांची विद्या त्यांच्या हातांत होती आणि हात कुठेही नेता येतात. तेंगानानची विद्या जमिनीला, रानाला, सभेतल्या त्या क्रमाला बांधलेली आहे. म्हणून ती राहिली. तिची किंमत ओसरीवरच्या त्या इबूंनी आणि पाहुण्यांत उभ्या राहिलेल्या त्यांच्या लेकीने मोजली, हेही तितकेच खरे. त्या गावाला शहाणपण शिकवण्याचा अधिकार मला नाही. पण इबूंच्या मागावरचे ते वस्त्र कोणासाठी आहे, ते मला कडेवरच्या त्या पोरीकडे पाहून थोडेसे कळले. ग्रिंगसिंग पुरे व्हायला वर्षे लागतात. तोवर गावचे नियमही कदाचित धागाभर सरकतील.

आत्या आता सत्तरीची आहे. आजी गेल्याला बारा वर्षे झाली. या दिवाळीत भाऊबिजेला बाबा नदीपलीकडे जाणार आहेत. गेली काही वर्षे ते जातात, ओवाळून घेतात, जेवून येतात. मागच्या गोष्टी कोणी काढत नाही. या वेळी मीही बरोबर जाणार आहे आणि ती पट्टी आत्याला देणार आहे. “हे काय गं?” असे ती विचारील. मी तिला दोनच शब्द सांगणार आहे: ग्रिंग म्हणजे आजार, सिंग म्हणजे नाही.